हा गुण इंजेक्शनचा की दिवसांचा? चेहऱ्यात भरलेली चरबी आणि ती दुरुस्त करणारे पेपर

या दिवाळीत दोंडाईचाला घरी गेले होते तेव्हा मामेबहीण भेटली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, सुरतला असते. लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाव सोडून सगळं लिही." तर ताईने मे महिन्यात डोळ्यांखालचे खड्डे भरून घेतले होते. पोटाची चरबी काढायची, धुवायची आणि बारीक नळीने डोळ्यांखाली सोडायची, असा तो प्रकार. महिनाभराने सूज उतरली आणि खड्ड्यांच्या जागी दोन वळकट्या दिसायला लागल्या. हसली की जास्तच. कुठे केलं, कोणी केलं, त्यात मी जात नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये आणि नंतर सप्टेंबरअखेरीस त्या उंचवट्यांत स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. दिवाळीपर्यंत चांगला फरक पडला होता. आता तिसरं इंजेक्शन घ्यायचं का, असा प्रश्न होता.

"तू पीएचडी करतेस ना? मग पेपर वाच आणि सांग."

माझी पीएचडी संख्याशास्त्रातली आहे. मी डॉक्टर नाही, हे मी तिला सांगितलं, तुम्हालाही सांगते. पण आमचं हे बोलणं ओट्यावर चाललं होतं आणि आजी तिथेच लसूण सोलत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "हाऊ इंजेक्शनना गुण शे, का दिवसस्ना?"

हा गुण इंजेक्शनचा आहे की मधे गेलेल्या दिवसांचा? त्यानंतर दोन महिने मी या विषयावरचं जे हाताला लागलं ते वाचलं. त्यातल्या बहुतेक ठिकाणी हा प्रश्न विचारलेलाच नाही. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, कुणी सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून हे वाचन तुमच्यापुढे मांडते. विषय परका वाटेल, पण चूक ओळखीची निघेल.

आधी विषय थोडक्यात. चेहऱ्यात भरायला दोन तऱ्हेच्या वस्तू असतात, तयार फिलर किंवा स्वतःची चरबी. फिलरमधलं सगळ्यात जास्त चालणारं म्हणजे हायलुरोनिक आम्ल. ते बिघडलं तर हायलुरोनिडेज नावाचं विकर टोचून विरघळवता येतं. चरबीसाठी असं विकर नाही. ती आपलीच ऊती, नव्या जागी जगली की तिथलीच होऊन राहते. म्हणून दुरुस्तीचे मार्ग उरतात ते असे: थांबणं, स्टिरॉइड टोचणं, चरबी विरघळवणारं डीऑक्सिकोलिक आम्ल टोचणं (अमेरिकेच्या एफडीएने 2015 मध्ये त्याला मान्यता दिली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, डोळ्याखालच्या नाही), बारीक नळीने ओढून काढणं, नाहीतर पापणीच्या आतून छेद घेऊन गाठ कापून काढणं. आणि चरबी कमी पडली असेल तर पुन्हा भरणं.

कल्पना नवी नाही. जर्मन सर्जन गुस्ताव नॉयबर यांनी 1893 मध्येच दंडावरची चरबी काढून चेहऱ्यावरच्या खड्ड्यात भरली होती. लायपोसक्शन आल्यावर चरबी मिळवणं सोपं झालं, आणि न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी 1990 च्या दशकात ती बारीक नळीने थेंबाथेंबाने भरायची पद्धत बसवली. आज जगभर जे चालतं ते बहुतेक तिथूनच आलेलं.

आता मुद्द्याची गोष्ट. भरलेली चरबी आहे तेवढी राहत नाही. लिंडन पीअर यांनी 1950 मध्ये माणसांतले चरबीचे कलम वर्षभराने काढून मोजले, तर वजन जवळपास निम्म्यावर आलेलं होतं. हे का होतं याचं चांगलं उत्तर जपानमधून आलं. कोतारो योशिमुरा यांच्या गटाने 2012 मध्ये उंदरांवर दाखवलं की भरलेल्या चरबीच्या कणाचा सगळ्यात बाहेरचा थर, सुमारे 300 मायक्रोमीटरचा, तेवढाच पहिल्यापासून जिवंत राहतो. आतल्या पेशी रक्त न मिळाल्याने पहिल्याच दिवसापासून मरायला लागतात. त्यांतल्या काहींच्या जागी मूळपेशींपासून नव्या चरबीपेशी येतात, आणि अगदी मधला भाग मरतो तो मरतोच. मेलेल्या पेशींतलं तेल हळूहळू शोषलं जातं, नाही शोषलं गेलं तर त्याची पिशवी होते, पुढे कधी चुना साठून कडक होते. 2014 च्या त्यांच्या पुढच्या पेपरात ही उलाढाल पहिले 3 महिने चालते असं दिसतं, तेही उंदरात. माणसाच्या चेहऱ्यात सर्जन साधारणपणे सहा महिने ते वर्षभर थांबून मग अंतिम निकाल धरतात, आणि किती टक्के चरबी टिकते याचे आकडे पेपरागणिक इतके वेगळे आहेत की सरासरी सांगण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही. ओली लाल मिरची पथारीवर टाकली की दिवसागणिक तिचं वजन उतरतं. वजन का उतरलं, हे दोंडाईचा-नंदुरबारच्या व्यापाऱ्याला विचारायची गरज नाही. आता समजा पथारीवर मिरची टाकल्यावर आठव्या दिवशी एक जण आला, त्याने ढिगाभोवती अगरबत्ती फिरवली आणि विसाव्या दिवशी वजन करून म्हणाला, बघा, माझ्या अगरबत्तीने इतकं वजन कमी झालं. तुम्ही हसाल. पण "शस्त्रक्रियेनंतर आठव्या आठवड्यात स्टिरॉइड दिलं, सहाव्या महिन्यात उंचवटा लक्षणीय कमी झाला" हे वाक्य छापून आलं की आपण हसत नाही. कारण त्याखाली दोन फोटो असतात.

हिशोब मांडून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा एका बाजूला 2 मिली चरबी भरली. दुसऱ्या महिन्यात तिथे 1.6 मिली उरली आणि उंचवटा दिसतो. काहीच केलं नाही तर सहाव्या महिन्यात 1.2 राहणार आहे. आता दुसऱ्या महिन्यात इंजेक्शन दिलं आणि सहाव्या महिन्यात मोजलं तर 1.1 निघालं. पेपरात काय येईल? 1.6 वरून 1.1, म्हणजे 31 टक्के घट. त्यात औषधाचा वाटा किती? 0.1 मिली. बाकीचं दिवसांनी केलं. पण तुलनेला काहीच न केलेला चेहरा नसेल तर हे 0.1 आणि 0.4 वेगळे करायचा कुठलाच मार्ग नाही. सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, पी-मूल्य कितीही लहान येऊ द्या. पी-मूल्य एवढंच सांगेल की आधी आणि नंतर यात फरक आहे. तो तर आजीलाही दिसत होता.

त्यात दुसरी भर पडते, आणि ती जास्त चोरटी आहे. माणूस दुरुस्तीला कधी जातो? जेव्हा त्याला सगळ्यात वाईट दिसतं तेव्हा. झोप झालेली नाही, मीठ जास्त खाल्लंय, ऍलर्जीने डोळे सुजलेत, अशा दिवसांत उंचवटा जास्त दिसतो आणि तेव्हाच अपॉइंटमेंट घेतली जाते. पुढच्या खेपेला काहीही न करता तो थोडा बरा दिसण्याची शक्यता जास्त असते. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून जे दाखवलं, ज्याला आपण सरासरीकडे परतणं म्हणतो, तेच हे. नेट-सेटला यावर प्रश्न आला की आपण बरोबर खूण करतो. पेपर वाचताना मात्र विसरतो. मी स्वतः पहिल्या वाचनात विसरले होते, हे कबूल करते.

फोटोंबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुम्हाला मोबाईलवरून कळतं. डोळ्याखालचा उंचवटा हा निम्मा सावलीचा खेळ आहे. दिवा वरून असेल तर वळकटी दिसते, समोरून आला की नाहीशी होते. "आधी" आणि "नंतर" च्या फोटोंत कपाळावरची चमक कुठे पडलीय ते बघा, दिवा हलला का ते लगेच कळतं.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, म्हणजे एकेका रुग्णाचे अहवाल आणि केस सिरीज सगळ्या टाकाऊ? पुराव्याच्या पिरॅमिडमध्ये त्या तळाला असतात, असं आपल्याला रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला शिकवलेलंच आहे. इथे मला त्या पिरॅमिडशी भांडायचंय.

दोन उदाहरणं घेते, दोन्ही महाराष्ट्रातली. पहिलं 1794 सालचं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी, टिपूच्या ताब्यात सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभर तो तसाच राहिला, मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर 1794 च्या अंकात हा वृत्तांत चित्रासह आला. चित्र शस्त्रक्रियेनंतर 10 महिन्यांनी काढलेलं आहे, हेही तिथे नोंदवलंय. सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या पत्रात पाठपुराव्याचा काळ लिहिलेला आहे, आणि आजच्या काही पेपरांत तो शोधावा लागतो! ते वाचूनच पुढे लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये तसं ऑपरेशन केलं आणि 1816 मध्ये पुस्तक छापलं.

दुसरं उदाहरण थेट आपल्या विषयातलं. मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया, ज्यांनी कुष्ठरोग्यांचे चेहरे आणि हात दुरुस्त करण्यात आयुष्य घातलं, त्यांनी आणि डॉ. बुच यांनी 1971 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरीत एक पेपर छापला. चेहऱ्याचा खोलगट भाग भरायला त्यांनी पोटावरचा चरबी आणि अंतस्त्वचेचा तुकडा घेतला, पण नुसता नाही. त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचलला आणि त्या रक्तवाहिन्या चेहऱ्याकडच्या रक्तवाहिन्यांना शिवून जोडल्या. चरबी मरते ती रक्त न मिळाल्याने, मग रक्तच घेऊन जाऊ, असा तो विचार. रक्तवाहिन्या जोडून ऊती एका जागेवरून दुसरीकडे नेण्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात या पेपराचं नाव अगदी सुरुवातीच्यांत घेतलं जातं.

दोन्हीकडे तुलनागट नाही, यदृच्छ वाटप नाही. तरी कुणी म्हणत नाही की कावसजीचं नाक कदाचित आपोआप आलं असेल. नाक आपोआप येत नाही. तोडलेल्या रक्तवाहिनीतून आपोआप रक्त वाहायला लागत नाही. काही न करता काय घडलं असतं हे जिथे पक्कं माहीत आहे आणि ते "काहीच नाही" असं आहे, तिथे एक रुग्ण पुरतो. काही न करताही निम्मं काम होणारच आहे, तिथे पन्नास रुग्णही पुरत नाहीत. पिरॅमिड ही गोष्ट सांगत नाही. तो फक्त अभ्यासाचा प्रकार बघतो, समोरच्या आजाराचा स्वभाव बघत नाही.

याच काट्याने चरबी-दुरुस्तीचं साहित्य तोलून बघा, ते सगळं सारखं हलकं निघत नाही. दोन वर्षं जुनी, चुना साठलेली कडक गाठ कापून काढली आणि ती गेली, असा एका रुग्णाचा अहवाल मला पटतो. ती आपणहून जाणार नव्हती. आठव्या आठवड्यात दिलेल्या स्टिरॉइडचे वीस रुग्ण मला पटत नाहीत. वीसाचे चाळीस केले तरी नाही.

अजून एक अहवाल सांगते, मला फार आवडलेला. लातोनी, मार्शल आणि वूल्फ यांनी 2000 साली प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरीत छापलेला. एका जागी स्टिरॉइडमुळे चरबी झिजून खड्डा पडला होता, तो भरायला स्वतःची चरबी घातली, आणि ती चरबी नंतर जास्तच वाढली. म्हणजे बघा: स्टिरॉइडने खड्डा, खड्ड्यात चरबी, चरबीचा उंचवटा. आणि उंचवट्यावर आज काय टोचतात? स्टिरॉइड. हे वर्तुळ मी ताईला कागदावर काढून दाखवलं, ती आधी हसली आणि मग गप्प झाली. त्वचा पातळ होणं, तिथला रंग फिका पडणं, खड्डा पडणं हे स्टिरॉइडचे माहीत असलेले परिणाम आहेत, आणि डोळ्याखालची त्वचा शरीरातल्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी. दिवसांनी कमी होणारच होतं ते आणि इंजेक्शनने कमी केलं ते, दोन्ही एकदम लागू झालं तर सहा महिन्यांनी खड्डा उरू शकतो. मग पुन्हा चरबी. "भरलेली चरबी वाढू शकते" एवढाच या अहवालाचा दावा आहे आणि तेवढ्याला तो पुरेसा आहे. पोटाची चरबी चेहऱ्यात गेली तरी पोटाचा स्वभाव सोडत नाही, वजन वाढलं की तीही फुगते, असं सर्जन सांगतात. तसं होत असेल तर किती जणांना होतं, हे या अहवालातून कळणार नाही, आणि लेखकांनीही तसा आव आणलेला नाही.

किती जणांना, यावरून छेदाकडे येते. अपूर्णांकातला छेद, सर्जनचा नव्हे. फिलरमुळे दृष्टी जाण्याच्या घटना केटी बेलेझने आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या साहित्यातून गोळा केल्या. 2015 च्या पेपरात 98 घटना होत्या, त्यांतल्या 47.9 टक्क्यांत भरलेली वस्तू स्वतःची चरबी होती आणि 23.5 टक्क्यांत हायलुरोनिक आम्ल. 2019 मध्ये त्यांनी पुढच्या 48 घटना मांडल्या, तर हायलुरोनिक आम्लाचा वाटा 81.3 टक्के निघाला. चार वर्षांत चरबी सुरक्षित झाली आणि आम्ल धोकादायक? तसं नाही. हे सगळे अंश आहेत. त्या काळात एकूण किती जणांना चरबी भरली आणि किती जणांना आम्ल, हा छेद कुणाकडेच नाही. हायलुरोनिक आम्लाचा वापर वाढला की घटनांतला त्याचा वाटाही वाढणार. बेलेझने यांची त्यात चूक नाही, त्यांनी जेवढं मोजता येतं तेवढं मोजलं. चूक होते ती 2015 चा आकडा उचलून "चरबीचा धोका 48 टक्के" असं लिहिणाऱ्यांची. 47.9 टक्के हा झालेल्या अपघातांतला वाटा आहे, अपघाताची शक्यता नव्हे. ही घटना फारच दुर्मीळ आहे. पण चरबीने रक्तवाहिनी बंद झाली तर ती विरघळवायला काही नाही, म्हणून तिचा परिणाम बहुधा जास्त गंभीर होतो. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

टीका करणं सोपं असतं, असं माझ्या गाईड म्हणतात, तू असतीस तर काय केलं असतंस ते सांग. तर मी काय केलं असतं: चेहऱ्याच्या एका बाजूला औषध, दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी, हा पुस्तकी मार्ग इथे कठीण आहे. सहा महिने वाकडा चेहरा घेऊन फिरायला कोण तयार होईल, आणि का व्हावं? त्यापेक्षा तक्रार घेऊन आलेल्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला आज इंजेक्शन, दुसऱ्याला 3 महिन्यांनी, तेव्हाही हवं असेल तर. उपचार कुणालाच नाकारला जात नाही, फक्त कुणी आधी आणि कुणी नंतर. 3 महिन्यांनी दोन्ही गटांचं त्रिमितीय छायाचित्रण, आणि मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते माहीत नसावं. मला सगळ्यात जास्त उत्सुकता कशाची, तर दुसऱ्या गटातल्या किती जणांनी 3 महिन्यांनी "आता नको" म्हटलं याची. तो एक आकडा वीस पेपरांना भारी पडेल. आणि "अनिष्ट परिणाम" म्हणजे काय हे आधी ठरवायचं: सर्जनच्या नजरेला खटकतं ते की रुग्णाला? रुग्णाला विचारायला फेस-क्यू सारखी प्रश्नावली आहे, ती वापरावी.

हे कुणी करत नाही याला कारणंही आहेत, ती मान्य करायला हवीत. बिघडलेला चेहरा घेऊन आलेलं माणूस 3 महिने थांबायच्या मनःस्थितीत नसतं. थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरला सोडून ते दुसरीकडे जातं. शिवाय बिघाड एकाने केलेला असतो आणि दुरुस्ती दुसरा करतो, त्यामुळे मुळात किती मिली भरलं, कुठल्या थरात भरलं, कधी भरलं याची नोंद दुरुस्ती करणाऱ्याकडे नसतेच. ताईच्या कागदावरही "दोन्ही बाजू, चरबी" एवढंच होतं. आकडा नाही.

मी ताईला इंजेक्शन घे किंवा घेऊ नको असं सांगितलं नाही. तिच्या डॉक्टरांना विचारायला चार प्रश्न लिहून दिले. पहिला, आत्ता जे उरलंय ते मऊ आहे की कडक, चरबी आहे की तेलाची पिशवी, सोनोग्राफीत कळेल का? दुसरा, वर्ष व्हायला अजून सहा महिने आहेत, तोवर थांबलं तर नुकसान काय? तिसरा, खड्डा पडला तर पुढे काय करणार? चौथा, तुमच्याकडे असे किती जण आले आणि त्यांतले किती न टोचता परत गेले? डॉक्टरांनी शांतपणे उत्तरं दिली, असं ती म्हणाली. चौथ्याला थोडं हसले आणि म्हणाले, तशी नोंद आम्ही ठेवत नाही.

तिने थांबायचं ठरवलंय. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओत तिचे तीन फोटो काढले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. स्टूल कुठे होतं तिथे फरशीवर खडूने खूण केली, दिव्याची उंची फूटपट्टीने मोजून वहीत लिहिली. स्टुडिओवाल्या भाऊंना वाटलं आमचं लग्नाचं बघायचं काम चाललंय. पुढचे फोटो ती आखाजीला माहेरी येईल तेव्हा, त्याच स्टुलावर.